देवगिरीच्या आधीची राजधानी

यादवांचं नाव काढलं की डोळ्यांसमोर देवगिरी उभी राहते. शाळेच्या पुस्तकात तीच, सहलीच्या यादीतही तीच. पण देवगिरीला जाऊन यादवांनी बांधलेलं काही शोधू लागलं तर हाती फार थोडं येतं. पायथ्याशी शिरताच नजर वेधून घेतो तो चांदमिनार बहमनींचा. मधले महाल पुढच्या सत्तांचे. कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, १३१८ साली उभ्या राहिलेल्या मशिदीत जुन्या देवळांचे खांब पुन्हा वापरलेले दिसतात आणि ‘इथे एक यादवनगरी होती’ हे त्या खांबांवरूनच ओळखायचं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्ली इथे हलवायचं मनावर घेतलं, मग बहमनी आले, निजामशाही आली, मोगल आले. एवढ्या राजवटी एकाच जागेवर नांदल्या, की सर्वांत खालचा थर झाकला जाणारच.

यादवांचं राज्य बघायचं असेल तर नाशिकला यावं आणि नाशिकहून तीस किलोमीटरवरच्या सिन्नरला जावं, असं माझं ठाम मत आहे. देवगिरी ही या घराण्याची शेवटची राजधानी. घराणं वाढलं, मोठं झालं ते नाशिक जिल्ह्यात. सिन्नर त्यांच्या हातून मागे पडलं आणि नंतर कुणाचीच राजधानी झालं नाही. म्हणूनच तिथला दगड ज्यांनी बसवला त्यांच्याच नावावर राहिला.

सिन्नरवरून मात्र रोज हजारो माणसं जातात. मुंबईहून घोटीमार्गे शिर्डीला निघालेल्या पायी पालख्या सिन्नरहूनच पुढे सरकतात. पुणे-नाशिक गाड्यांना सिन्नर लागतंच. चहा होतो, वडापाव होतो, गाडीत डिझेल भरलं जातं आणि गाडी सुटते. महामार्गापासून काही मिनिटांवर महाराष्ट्रातलं सगळ्यात सुघटित, सर्वांगपूर्ण असं शिवपंचायतन उभं आहे, हे त्या गाडीतल्या बहुतेकांना माहीत नसतं. नाशिककरांचीही कथा फार वेगळी नाही. पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर आणि अलीकडे द्राक्षमळे, एवढं दाखवून होतं. सिन्नर म्हटलं की एमआयडीसी, एवढंच डोक्यात येतं.

राजधानी इथेच का झाली, हे समजायला आधी पांडवलेण्यांत जावं लागतं. त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा हिशेब दिला आहे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून बघा: २,०००चं वर्षाचं व्याज २४० आणि वीस बारे २४०. दगडावर कोरलेला ताळेबंद आजही जुळतो. हे गोवर्धन म्हणजे आजचं गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन गाव, नाशिकच्या पश्चिमेला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात माल तयार होत होता, पैसा फिरत होता आणि विणकरांच्या संघटनेवर राजघराणं विश्वास टाकत होतं. सोपाऱ्याच्या बंदरातून घाट चढून आलेला माल इथूनच माळव्याकडे आणि दक्षिणेकडे जायचा. पुढे जी घराणी उभी राहिली, ती या वाटांच्या जोरावर.

नवव्या शतकात याच वाटांवर यादव दिसू लागतात. घराण्याचा पहिला ठळक पुरुष दृढप्रहार. त्याची राजधानी चंद्रादित्यपूर, म्हणजे आजचं चांदवड, असं मानलं जातं. आग्रा रस्त्यावर डोंगराच्या खिंडीत बसलेलं चांदवड पाहिलं की निवड पटते. वाट अडवायची तर जागा हीच. त्याचा मुलगा सेऊणचंद्र. त्याने सेऊणपूर वसवलं आणि मुलखाला सेऊणदेश हे नाव मिळालं. सेऊणपूर म्हणजेच सिन्नर, असं बहुतेक अभ्यासक धरतात. ही वंशावळ आपल्याला १०६९च्या वसईच्या ताम्रपटात मिळते आणि हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’च्या व्रतखंडातल्या राजप्रशस्तीत मिळते. राष्ट्रकूटांचे मांडलिक, मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, असं करत सुमारे तीन शतकं हे घराणं नाशिक, सिन्नर, संगमनेर या टापूत मुरलं. ११८७च्या सुमारास पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचं जू झुगारलं आणि राजधानी देवगिरीला नेली.

नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस मागे टाकला, शिंदे-पळसे गेलं, मोहदरीचा घाट चढला की सिन्नरचं पठार लागतं. हवा बदलते, पाऊसमान बदलतं. पूर्वेकडचा अर्धा तालुका पर्जन्यछायेचा, सदा पाण्याला आसुसलेला. गोंदेश्वराचं देऊळ गावाच्या कडेला, आवारभिंतीच्या आत आहे. दारातून पाऊल टाकलं की प्रथम जाणवते ती मोकळी जागा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या देवळांना पुढच्या काळाने वेढून टाकलेलं असतं. पत्र्याच्या शेड, ऑइलपेंट, फरशा, नारळाची दुकानं. इथे ते नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्यामुळे देऊळ श्वास घेतं.

आवाराच्या मधोमध उंच जोत्यावर, म्हणजे जगतीवर, पूर्वेकडे तोंड करून महादेवाचं मुख्य देऊळ. समोर नंदीचा स्वतंत्र मंडप. चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, पार्वती आणि गणपती यांची चार छोटी देवळं, प्रत्येकाला आपापलं शिखर. पंचायतन पूजेची मांडणी आपल्या देव्हाऱ्यात असते, तीच इथे दगडात आणि माणसाला आतून फिरता येईल एवढी मोठी. पाचही देवळं जागच्या जागी टिकल्यामुळे ही जागा नगररचनेचा धडा वाटते. कुठल्या कोपऱ्यातून पाहिलं तरी मुख्य शिखर आणि किमान एखादं लहान शिखर एकाच नजरेत येतात आणि लहानाच्या मापानेच मोठ्याची उंची कळते. रचनाकाराने हे नक्की आखून केलेलं आहे.

जोत्याशी खाली वाकून गजथर बघावा. हत्तींची ओळ पीठाभोवती फिरते. लांबून सगळे सारखे दिसतात, जवळ गेलं की सोंडेचा वळसा निराळा, पाय टाकायची तऱ्हा निराळी. कितीतरी हत्तींची सोंड झिजून गेली आहे. स्थानिक काळा दगड हवा-पाण्याने पापुद्र्यासारखा सुटतो, त्याला इलाज नाही. पण ज्या हत्तीचं डोकं उरलेलं आहे, त्याच्या कानाची घडी आजही बोटाला लागते. हात लावू नये हे खरं; नुसती बघावी.

मग मान वर करावी. या शिखराच्या घडणीला अभ्यासक भूमिज म्हणतात. शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून खालून वर एक-एक सलग पट्टी चढत जाते. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या-छोट्या शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक रचलेल्या असतात, वर जाताना लहान-लहान होत जाणाऱ्या. म्हणजे एका शिखरात अनेक शिखरं, आणि डोळा आपोआप कळसाकडे ओढला जातो. खालची भिंतही सरळ जात नाही. ती टप्प्याटप्प्याने आत-बाहेर होते आणि प्रत्येक कोपरा तसाच वर शिखरात उमटतो. पायातली रेघ कळसापर्यंत न तुटता नेणं, हे या मंडळींचं कसब. त्यासाठी पायथ्याचा पहिला दगड बसवतानाच शेवटच्या दगडाचं माप ठरलेलं असावं लागतं. चुन्याचा आधार न घेता, दगडावर दगड तोलून हे उभं आहे.

सकाळी यावं हे बरं. पूर्वाभिमुख देऊळ असल्याने उन्हं समोरून येतात, नंदीमंडपाचे खांब उजळतात आणि सभामंडपातल्या खांबांवरची बारीक नक्षी, छोट्या आकृत्यांच्या पट्ट्या, दिवा न लावता वाचता येतात. तीन दिशांना मुखमंडप असल्याने मंडपात हवा खेळती राहते. त्या वेळी गावातली म्हातारी मंडळी आवारात फेऱ्या मारत असतात, कुणी बेल वाहून निघालेलं असतं. पूजेतलं देऊळ आणि संरक्षित वास्तू या दोन्ही गोष्टी इथे भांडण न करता नांदतात. महाशिवरात्रीला गर्दी उसळते. एरवी दुपारी तुम्ही आणि देऊळ.

लोक याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. ते मनातून काढायला हवं, कारण त्यामुळे दीडशे वर्षांचा इतिहास पुसला जातो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातलं. हेमाद्रीच्या जन्माआधीच ते जुनं झालेलं होतं. गावातली आख्यायिका त्याचं श्रेय राव गोविंद नावाच्या गवळी राजपुत्राला देते, म्हणून काही जण गोविंदेश्वरही म्हणतात.

खरी सोयरीक बघायची तर ती वेगळ्या दिशेला आहे. परमार उदयादित्याने माळव्यातल्या उदयपूरला बांधलेलं उदयेश्वर याच भूमिज घराण्यातलं. शिलाहारांच्या काळातलं अंबरनाथचं शिवालय, ज्यावर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०चा लेख आहे, तेही त्यातलंच. नाशिक जिल्ह्यातच मालेगाव तालुक्यात आग्रा रस्त्यावर झोडगे गावी माणकेश्वराचं देऊळ आहे, तेही तसंच. माळवा, झोडगे, सिन्नर, अंबरनाथ. नकाशावर रेघ ओढा, जुना व्यापारी मार्गच उमटेल. ज्या वाटेने कापड आणि मीठ गेलं, त्याच वाटेने सूत्रधार आणि पाथरवट गेले. परमार आणि यादव रणांगणावर एकमेकांविरुद्ध लढले. दुसऱ्या भिल्लमाने चालुक्य तैलपाच्या बाजूने माळव्याच्या मुंजाशी लढाई केली. पण शिखर कसं चढवायचं हे शत्रूच्या मुलखातून शिकायला कुणी कमीपणा मानला नाही. राजधानीचं मोठेपण मला यात दिसतं.

सिन्नरमध्येच ऐश्वराचं देऊळ आहे. आकाराने लहान, शिखर पूर्ण गेलेलं, बाहेरून पाहिलं तर परत फिरावंसं वाटेल. फिरू नये. आत गाभाऱ्याच्या अलीकडे दगडी मकरतोरण आहे. दोन बाजूंच्या मकरांच्या मुखातून निघालेली कमान आणि तिच्यात खच्चून भरलेलं कोरीवकाम. गोंदेश्वर बाहेरून बघायचं देऊळ आहे, हे आतून. हे काम दक्षिणेकडच्या, चालुक्यांच्या वळणाचं वाटतं. एकाच गावात माळव्याचं वळण आणि कर्नाटकाचं वळण शेजारी नांदतात, ते यादवांच्या राजकारणाशी जुळणारंच आहे. हेन्री कझेन्सने १९३१मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या ग्रंथात सिन्नरची दखल घेतली, तीही या दोन्ही देवळांसाठी. ऐश्वराकडे मात्र गोंदेश्वराच्या मानाने फारच कमी पावलं वळतात.

यादवांचा राजवाडा, त्यांची पेठ, त्यांचे घाट आज सिन्नरमध्ये दाखवता येत नाहीत. लाकूड, माती, वीट यांचं जे होतं ते गेलं. सरस्वती नदी गावातून वाहते, पावसाळा सोडला तर तिला नदी म्हणायला मन कचरतं. जुन्या गल्ल्यांतून हिंडताना दिसतात ते माळवदाचे, दगडी जोत्याचे वाडे फार तर दोन-तीनशे वर्षांतले. विसाव्या शतकात या गावाला पोसलं ते विडीने. पावसाच्या भरवशावर शेती होत नाही म्हटल्यावर घरोघरी बायका सुपात तंबाखू आणि पानं घेऊन उंबऱ्याशी बसल्या. सिन्नरची विडी राज्याबाहेर पोचली, भिकुसांचं नाव घराघरांत गेलं. या बायकांच्या बोटांनी एक गाव अनेक दशकं चालवलं आणि त्याचं स्मारक कुठेच नाही. माझ्या दृष्टीने सिन्नरच्या वारशात त्या उंबऱ्यांचीही नोंद हवी.

मग कारखाने आले. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत, माळेगावची एमआयडीसी. गुळवंचच्या बाजूला औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दुरूनच दिसतात. १,३५० मेगावॉटचा प्रकल्प बांधून उभा राहिला आणि वर्षानुवर्षं जवळपास थंडच राहिला. शेतं गेली ती गेली. आधुनिक वास्तू म्हणून या चिमण्या कुणी बघायला जात नाही. सिन्नरच्या इतिहासात त्यांचं पान मात्र पक्कं आहे.

माळेगाव एमआयडीसीतच एक जागा अशी आहे, की ती बघितल्याशिवाय गोंदेश्वर पुरतं कळत नाही, असं मी म्हणेन. गारगोटी संग्रहालय. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी २००१ साली ते सुरू केलं. शेडमागून शेड, ट्रकांची धूळ, आणि त्यामध्ये एका इमारतीत काचेच्या कपाटांतून ठेवलेली खनिजं. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. पांढरी, हिरवी, मोतिया, काही बोटभर तर काही माणसाला उचलणार नाहीत अशी. ही सगळी दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटातली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थराथराने वाहिला, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. नंतर कोट्यवधी वर्षं त्या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि तिथे स्फटिक वाढले. विहीर खोदताना, खाणीत सुरुंग लावताना ते हाती येतात. पूर्वी खडीबरोबर क्रशरमध्ये जात.

हे पाहून पुन्हा देवळात गेलं की दगड बोलका होतो. काळ्या बेसाल्टमध्ये दिसणारे पांढुरके ठिपके म्हणजे तेच भरलेले बुडबुडे. असा बुडबुडा छिन्नीखाली नेमका मूर्तीच्या नाकावर आला तर घाव फसणार. त्यामुळे पाथरवटाला घट्ट, निर्व्यंग थर निवडून घ्यावा लागे, ठोकून आवाजावरून पारखावा लागे. संगमरवरासारखा किंवा वाळूच्या दगडासारखा हा दगड लाडात येत नाही. म्हणून आपल्याकडची कलाकुसर बारीक झालरींपेक्षा कोनांत, सावल्यांत, मापांत जास्त फुलली. खजुराहो बघून आलेला माणूस इथे मूर्ती कमी आहेत म्हणून हिरमुसतो. त्याने सावल्या बघाव्यात.

आता समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून जातो. शिर्डी ते भरवीर हा टप्पा २६ मे २०२३ला खुला झाला, गोंदे इथे इंटरचेंज आहे. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरची वाट पुरी झाली. दख्खनच्या पठारावरून कोकणाकडे उतरणारी वाट सिन्नरजवळूनच जावी, हे भूगोलाने फार पूर्वी ठरवलं होतं. सेऊणचंद्राने ते ओळखलं आणि रस्ते आखणाऱ्या अभियंत्यांनाही तेच करावं लागलं. फरक एवढाच, की जुनी वाट गावातून जायची आणि नवी गावाला टाळते. ताशी शंभरच्या पुढे वेग असलेल्या माणसाला गोंदेश्वराचं शिखर दिसणार नाही. त्याला कुणीतरी थांबवायला हवं.

थांबवायला फार काही लागत नाही. गोंदे इंटरचेंजवर एक ठसठशीत फलक. देवळाच्या आवारात मराठीतून, चार नाही चाळीस ओळींत, यादवांची हकिकत, पंचायतनाची मांडणी, शिखराचा आराखडा. इतिहास शिकलेल्या सिन्नरच्याच मुला-मुलींना वाटाड्याचं रीतसर प्रशिक्षण आणि परवाना. ऐश्वरापर्यंतचा रस्ता दाखवणारे बाण. नाशिकचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. घाट, रस्ते, पूल यांची कामं चालली आहेत. त्यातला एक कण जरी या तालुक्याच्या वाट्याला आला तरी पुरे. मात्र त्या पैशातून देवळाला रंगीत झोतदिवे आणि आवारात पेव्हर ब्लॉक होणार असतील तर नकोत. जिल्ह्यात जीर्णोद्धाराच्या नावाखाली एनॅमल फासलेली जुनी देवळं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे.

ज्यांना पूर्ण दिवस काढता येईल त्यांनी सकाळी गोंदेश्वर, मग ऐश्वर, उन्हं तापल्यावर गारगोटी असा क्रम ठेवावा. दुसरा दिवस मिळाला तर चांदवडला जावं. होळकरांचा रंगमहाल सगळे बघतात, पण डोंगरातली जैन लेणीही बघावीत. यादवांच्या पहिल्या राजधानीच्या अंगणातली ती आहेत. तिथून आग्रा रस्त्याने पुढे झोडगे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. तिथल्या जैन मंदिरातल्या ११४२च्या लेखात यादव घराण्यातल्याच पुढच्या एका सेऊणचंद्राने चंद्रप्रभाच्या देवळाला दुकानं दान दिल्याची नोंद आहे. विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या कार्षापणांपासून या दुकानांपर्यंत हजार वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही जागा नाशिकहून गाडीने तासाभराच्या आत गाठता येतात. अंजनेरीला जाताना पावसाळा टाळावा, गवतात दगड दिसत नाहीत. दिवाळी सरल्यावर, थंडी पडू लागली की ही सगळी ठिकाणं पायी फिरायला उत्तम.